गिऱ्हाईक समोर असताना

इसवी सन 1936 हे पूर्व खानदेशाच्या दृष्टीने मेळाव्यांचे वर्ष ठरले. त्या वर्षी माधव ज्यूलियन यांच्या अध्यक्षतेखाली जळगावास मराठी साहित्य संमेलन भरले, आणि वर्ष सरता सरता, 27 व 28 डिसेंबर रोजी, यावल तालुक्यातील फैजपूर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन झाले. शहर सोडून खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. तेथील ठरावांचे दफ्तर इतिहासकारांनी पुष्कळ चाळले आहे. परंतु ज्याला कलाकुसरीवर पोट भरावयाचे आहे, त्याने ठराव बाजूस ठेवून त्या अधिवेशनाचा मांडव आणि त्यासोबतचे प्रदर्शन यांचाच विचार करावा, असे मला वाटते.

सजावटीसाठी महात्माजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांना पाचारण केले, तेव्हा आपण चित्रकार, नगर उभारणे हे आपले काम नव्हे, असा संकोच त्यांनी प्रकट केला. पण अखेरीस ते आले, आणि शहरातून झगमगाट मागविण्याऐवजी बांबू, चटया यांसारख्या आसपास मिळणाऱ्या सामग्रीतूनच त्यांनी तेथील शोभा साधली. नेहरूंची मिरवणूक निघाली तीही त्यांनी सजविलेल्या, बैल जुंपलेल्या रथातून. प्रदर्शन म्हणजे करमणुकीचा देखावा नव्हे, त्यातून पाहणाऱ्याला शिक्षण मिळाले पाहिजे, हा गांधीजींचा कटाक्ष होता; आणि 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने तेलघाणी, हातकागद यांसारखे जे धंदे सावरण्यास घेतले होते, त्यांची खरी अडचणही नेमकी हीच होती की, त्यांचा माल लोकांच्या दृष्टीस पडे, पण त्यामागची मेहनत पडत नसे. लगद्याच्या हौदात चाळणी बुडवावी, ती आडवी धरून अलगद हलवावी, पाणी निथळू द्यावे आणि ओला ताव न फाटता उतरवून घ्यावा, ही क्रिया ज्याने पाहिली नाही, त्याला हातकागदाचा दर गिरणीच्या कागदाशेजारी अवाच्या सवा वाटतो. ज्याने पाहिली, तो घासाघीस करताना निदान ओशाळतो तरी.

येथवरचे विवेचन गिऱ्हाइकाच्या बाजूचे झाले, आणि प्रत्यक्ष भेटीचे माहात्म्य सांगणारे बहुधा येथेच थांबतात. माझ्या मते या भेटीत अधिक लाभ होतो तो कारागिराचा. कारण माल दूरदेशी रवाना झाला की त्याला फक्त रक्कम कळते, आणि गिऱ्हाईक समोर असले म्हणजे त्याचा हात कोठे थबकला, हेही कळते.

जळगावच्या सराफ बाजारात हे उघड्या डोळ्यांनी पाहावयास मिळते. राजमल लखीचंद यांच्यासारखी 1854 पासून चालत आलेली पेढी ज्या गावात आहे, तेथील सोन्याचा लौकिक प्रथम शुद्धतेवर उभा राहिला; काळ्या कसोटीवर दागिना घासावा, त्याच्या रेघेशेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ ओढावी, वर तेजाबाचा थेंब सोडावा आणि कोणती रेघ टिकते ते गिऱ्हाइकाच्या देखत दाखवावे, असा जुना शिरस्ता होता. पुढे 16 जून 2021 पासून देशातील 256 जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि शुद्धतेची ग्वाही सहा अक्षर-अंकांच्या खुणेत येऊन बसली. मग केवळ शुद्धतेसाठी बाजारात येण्याचे कारण उरले नाही म्हणावे, तर लग्नसराईत पेढ्यांवर पाय ठेवावयास जागा नसते. तेथे घटकाभर बसून पाहावे. पाटली घेणारी बाई वजन विचारते ते नंतर. आधी ती अंगठा तळव्यात मुडपून, बोटे जुळवून पाटली चढविते, ती अंगठ्याच्या सांध्याशी अडते, मागून सासू म्हणते, “अगं, साबण लावला की जाईल,” आणि सराफ मुकाट्याने पुढचे माप काढतो. बोरमाळ हाती आली, की मण्यांत लाख किती नि सोने किती, हा प्रश्न ठरलेला. घडणावळीवरून होणारी हुज्जत ऐकणाऱ्या कारागिराला, कोणती नक्षी बायका हाताळून खाली ठेवतात आणि कोणती खाली ठेवताना पुन्हा एकदा वळून पाहतात, याचा जो हिशेब मिळतो, तो कोणत्याही वहीत मांडलेला नसतो. (या कारागिरांत बंगालकडून आलेले पुष्कळ आहेत; नंदलालबाबूंच्या मुलुखाशी खानदेशाचा हा दुसरा ऋणानुबंध म्हणावयाचा.) दुर्दैव एवढेच, की अनेक ठिकाणी कारागीर माडीवर आणि गिऱ्हाईक खालच्या गादीवर, अशी व्यवस्था असते, आणि हा हिशेब मधल्या जिन्यातच हरवतो.

छायाचित्रावरून माल निवडणाऱ्यांनी चाळीसगावास एकदा अवश्य जावे. तेथे केकी मूस या कलावंताने घराबाहेर क्वचितच पाऊल टाकून, मेजावर किरकोळ वस्तू मांडून त्यांची अशी छायाचित्रे घेतली की पाहणाऱ्यास मेजाचा विसर पडावा. छायाचित्र किती समर्थपणे फसवू शकते, हे ज्याने कलेच्या पातळीवर सिद्ध केले, त्याच्याच जिल्ह्यातील लोकांनी मोबाइलवरच्या चित्रावरून पैठणीचा पोत ठरवावा, यात थोडा विनोद आहे.

ग्रंथव्यवहाराची कथा निराळी नाही. धुळ्यास 1944 साली मामा वरेरकरांच्या अध्यक्षतेखाली, आणि अमळनेरास 1952 व पुन्हा 2024 साली, साहित्य संमेलने भरली. अशा प्रसंगी वाचक पुस्तक उघडतो, मधलेच पान वाचतो, किंमत पाहून मिटतो, आणि प्रकाशक समोर असेल तर ते सारे पाहतो.

अर्थात हे फुकट पडत नाही. धुळ्याच्या एखाद्या लहान कारागिराने पुण्यामुंबईच्या प्रदर्शनात गाळा घ्यावयाचा, तर भाडे, मालाची ने-आण, मुक्काम आणि घरी बंद राहिलेले काम, इतका खर्च विक्रीतून वजा जातो, आणि जमाखर्चात पुष्कळदा तूटच दिसते. मागण्या येतात त्या मागाहून, त्याही आल्या तर. म्हणून तो स्वतः न जाता एखादा पोऱ्या पाठवितो, आणि खर्च तोच होऊन लाभ मात्र अर्धा पदरात पडतो. आयोजकांनी गाळ्यांच्या अर्जात एक रकाना वाढवावा: गाळ्यावर माल घडविणारा स्वतः बसणार आहे काय? ज्याचे उत्तर होकारार्थी असेल, त्याला भाड्यात निम्मी सूट देण्याची तजवीज करावी, आणि ती तूट नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गाळ्यांवर आकारावी.