चिपाडाला किती, साखरेला किती?

नोकरीच्या पहिल्याच गळीत हंगामात मी एक पराक्रम केला. साखर कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात नवा होतो, डोक्यात पुस्तकं ताजी. टनभर उसातून साधारण ११० किलो साखर, २८० किलो बगॅस म्हणजे चिपाड आणि ४० किलो मळी निघते. बाकी बहुतेक पाणी. आजच्या हिशेबात टनाचा खर्च ३,६०० रुपये धरा. तो मी सरळ वजनाच्या प्रमाणात वाटला. साखर पडली किलोला आठ रुपये चाळीस पैशांच्या आत, आणि चिपाडही तेवढ्यालाच! चीफ अकौंटंटनी कागद परत सरकवला. ‘‘हे चिपाड घेणार कोण? तुम्ही?’’

गोची अशी, की गव्हाणीत मोळी पडते तेव्हा उसाचं बिल एकच असतं. त्यातलं साखरेचं किती आणि मळीचं किती, हे उसावर लिहिलेलं नसतं. म्हणून साखरेला मुख्य मानायचं, मळी-बगॅसची किंमत एकूण खर्चातून वजा करायची आणि उरलेला बोजा साखरेवर टाकायचा, अशी जुनी रीत.

पण मळी आपल्याच डिस्टिलरीला दिली, तर तिची किंमत ठरवायची कुणी? किलोला ८ रुपये लावा किंवा १२, टनामागे १६० रुपयांचा फरक पडतो. म्हणजे साखरेच्या किलोमागे जवळपास दीड रुपया. पैसा कारखान्याबाहेर गेलेला नसतो, तरी साखर विभाग तोट्यात आणि डिस्टिलरी फायद्यात दाखवता येते. यात लबाडीच असते असं नाही. दर मात्र माणूसच ठरवतो.

२०१८ पासून बी-हेवी, म्हणजे जास्त साखर शिल्लक ठेवलेल्या मळीच्या इथेनॉलला वेगळा दर मिळू लागला. साखर मुद्दाम मळीत सोडायची, तर त्या मळीला अजून उपपदार्थ म्हणायचं? माझ्या मते नाही. विक्रीमूल्याच्या प्रमाणात दोघींवर खर्च टाकावा.

ऊसउत्पादकाला हे परकं नाही. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर व उपपदार्थांच्या मूल्याचा ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या कारखानादराचा ७५ टक्के वाटा शेतकऱ्याला सुचवला. पहिल्या हिशेबात मळीचा दर लागतोच.

तुम्ही सभासद असाल, तर यंदाच्या वार्षिक अहवालात साखरेच्या आकड्यावर थांबू नका. डिस्टिलरीला मळी कोणत्या दराने दिली, तेवढं सभेत उभं राहून विचारा.