लेखांक सातवा : ‘आजीकडे असतात’

मागील लेखांकात बालगृहांचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकात, आई-वडील गेल्यावर ज्यांना आजी, मामा किंवा चुलता जवळ करतो, त्या मुलांचा विचार करावयाचा आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराचा रस्ता जेथे फुटतो, त्या हातखंब्यासारख्या गावांत अशा मुलांना कोणी अनाथ म्हणत नाही. ती ‘आजीकडे असतात’. या दोन शब्दांत माया आहे, परंतु थकलेल्या आजीची ओढाताणही त्यांच्याच आड झाकली जाते.

मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय होय, हे तत्त्व बाल न्याय अधिनियम, २०१५ने स्वीकारले आहे. महाराष्ट्रात त्याला पैशाचे बळ देते ती बालसंगोपन योजना, म्हणजे मुलाला कुटुंबातच ठेवून त्याच्या पालनपोषणासाठी अनुदान देण्याची व्यवस्था. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत अठरा वर्षांखालील मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि एकच पालक गमावलेले मूलही तिला पात्र ठरते. मंजुरी बाल कल्याण समिती, म्हणजे मुलांच्या काळजीविषयी आदेश देण्याचा न्यायिक अधिकार असलेले जिल्हास्तरीय मंडळ, देते.

खरी अडचण अर्जापाशी सुरू होते. मृत्यूचा दाखला, आधारपत्र, शाळेचा दाखला, बँकेचे खाते आणि सांभाळणाऱ्यासह मुलाचा घरासमोर काढलेला फोटो एवढे सारे जमवावे लागते. बाप चाकरमानी असून मुंबईत वारला असेल, तर पहिल्याच कागदासाठी आजीला मुंबई गाठून तो आणून देणारा कोणी शोधावा लागतो. अनुदान तुटपुंजे आहे हे खरे, पण ते ज्यांच्या हक्काचे त्यांच्यापर्यंत न पोहोचणे हे अधिक गंभीर आहे.

एड्सच्या साथीने आई-वडील हिरावलेली अनेक मुले आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातही आज्यांनीच सांभाळली. झिम्बाब्वेत ‘झुंडे रामाम्बो’ ही जुनी प्रथा आहे : गावकरी प्रमुखाच्या शेतात मिळून राबतात आणि ते धान्य अनाथ, विधवा व वृद्धांसाठी कोठारात ठेवले जाते. मुलाला भूक लागण्यापूर्वीच गावाने तजवीज केलेली असते, हे तिचे मोठेपण. कोकणालाही ही जाणीव परकी नाही. संगमेश्वर तालुक्यातील देवरुखला इंदिराबाई हळबे, म्हणजेच मावशी हळबे, यांनी १९५४ साली मातृमंदिर ही संस्था उभी केली आणि तिच्या ‘गोकुळ’मध्ये निराधार मुलींना घर मिळाले.

गावपातळीवर आज अशा मुलांकडे लक्ष ठेवण्याचे काम ग्राम बाल संरक्षण समितीचे आहे. सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य-सचिव असतात, आणि कोणत्या घरात मूल पोरके झाले हे अंगणवाडीताईंना कार्यालयाच्या आधी कळते. वाचकांच्या वाडीत असे मूल ‘आजीकडे’ असेल, तर त्याचे नाव अंगणवाडीताईंना कळवावे आणि अर्जाचे कागद जमवताना आजीच्या सोबत जावे. मूल संकटात असेल, तर १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.