खानदेशावर लिहिताना

खानदेशाविषयी लिहिणाऱ्याला लागणारी बरीच साधने आता मोबाइलवर उघडतात. १८८० साली निघालेले खानदेशाचे इंग्रजी गॅझेटिअर, ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा खानदेशीवरचा भाग, मोल्सवर्थचा कोश आणि मराठी विश्वकोश हे सारे फुकट वाचता येते. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचेच. लेख बरा होतो की नाही, हे मात्र ही साधने कशी वाचली जातात यावर ठरते.

गॅझेटिअरचेच घ्या. त्यातला ‘खानदेश’ हा एकच अखंड जिल्हा आहे. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, पुढे त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. त्यामुळे १८८० चा कापसाचा किंवा लोकसंख्येचा आकडा उचलून आजच्या जळगावला चिकटवला, तर तो चुकतोच. आकड्यापुढे साल आणि त्या वेळची हद्द लिहून ठेवण्याची सवय एवढ्यासाठी लागते. शोधतानाही जुने नाव आठवावे लागते: इंग्रजी कागदांत धुळे ‘धुलिया’ म्हणून येते.

नावांचा घोळ याहून मोठा. ‘बहिणाबाई’ एवढेच शोधले, की तुकोबांच्या शिष्या असलेल्या सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) एकाच यादीत येतात, आणि एकीचे चरित्र दुसरीला जोडले जाते. चौधरींच्या कवितेला सर्रास अहिराणी म्हटले जाते, तेही बरोबर नाही. ती जळगावकडच्या लेवा गणबोलीतली आहे. त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्या पुढाकाराने आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. फिरत्या संदेशांत तिच्या ओळी बदललेल्या आढळतात, म्हणून उद्धृत करण्याआधी छापील पुस्तक उघडणे हाच सुरक्षित मार्ग.

अहिराणीत लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. ‘आहे’साठी ‘शे’, ‘माझा’साठी ‘मना’ ही रूपे मोबाइलच्या कीबोर्डला परकी वाटतात आणि तो ती प्रमाण मराठीकडे ओढू पाहतो. ती आपोआप दुरुस्ती बंद ठेवावी, एका शब्दाचे एकच लेखन धरावे आणि मजकूर बोली बोलणाऱ्या वडीलधाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावा. कानाला खटकलेले पडद्यावर दिसत नाही. ग्रिअर्सनच्या १९०७ च्या खंडात बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट खानदेशीतही, म्हणजे अहिराणीतही, दिलेली आहे. शंभराहून अधिक वर्षांत बोली किती सरकली, हे तिच्याशी ताडून पाहणे फार उपयोगी ठरते.

मूळ कागदापर्यंत जाण्याची शिस्त खानदेशाला नवी नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढणारे वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, आणि लगेच १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. रामदासी हस्तलिखिते जपणारे समर्थ वाग्देवता मंदिरही धुळ्यातच आहे. या संग्रहांतले सारे काही पडद्यावर आलेले नाही. उरलेल्यासाठी धुळ्याची एसटी धरावी लागते.