वाद दुकानाचा, अट सर्व्हरची

पीसीवर गेम खेळणाऱ्यांमधला एक वाद काही केल्या विझत नाही: गेम घ्यावा तर कुठून? स्टीमचे निष्ठावंत एपिकला नावं ठेवतात, एपिकवर फुकट मिळणारे गेम गोळा करणारे स्टीमच्या तीस टक्के कमिशनवर बोट ठेवतात, आणि कॉपीरोधक कुलूप न लावता गेम विकणाऱ्या जीओजीचे चाहते या दोघांकडेही जरा वरून बघतात. या भांडणात काही समजुती इतक्या वेळा उगाळल्या गेल्या आहेत, की त्या तपासाव्यात असं कोणाला वाटतच नाही. तपासायला गेलं तर वेगळंच चित्र दिसतं. गेम किती वर्षं चालेल आणि त्याला किती पैसे पडतील, या दोन्ही गोष्टी दुकानापेक्षा प्रकाशक कंपनी जास्त ठरवते. दुकानाची निवड निरर्थक आहे असं नाही. पण गेम सुरू होताना कोणाच्या सर्व्हरला विचारावं लागतं, हा प्रश्न आधीचा आहे आणि वादात तोच मागे पडतो.

‘डिस्कच्या काळात गेम आपला असायचा, डिजिटल दुकानांनी तो हिरावून घेतला’ ही त्यातली सर्वांत लाडकी समजूत. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धंच. नव्वदच्या दशकातला एखादा गेम आजही जुन्या डिस्कवरून चालू शकतो, तो इंटरनेटवर कोणालाच काही विचारत नाही म्हणून. डिस्क असण्याशी त्याचा संबंध नाही. वाल्व्हने स्टीम सुरू केलं 2003 मध्ये, आणि नोव्हेंबर 2004 मध्ये ‘हाफ-लाइफ 2’ आला तेव्हा दुकानातून खोका घरी नेणाऱ्यालाही स्टीमचं अकाउंट उघडून तो ऑनलाइन सक्रिय करावा लागला. म्हणजे हातात डिस्क आणि परवानगी मात्र दुसऱ्याची, ही व्यवस्था वीस वर्षांहून जुनी आहे. तिचा शेवट कुठे होऊ शकतो ते युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ने दाखवलं. डिसेंबर 2014 मध्ये आलेला हा मोटारींच्या शर्यतीचा गेम डिस्कवरही विकला गेला होता. त्याची विक्री डिसेंबर 2023 मध्ये थांबली आणि 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद झाले. एकट्याने गाडी चालवत अमेरिकाभर भटकायचं असलं तरी त्याला सर्व्हर लागत असे, त्यामुळे डिस्क घेतलेला आणि डाउनलोड केलेला, दोघेही एकाच दिवशी रिकाम्या हाताने बसले. उलट जीओजीवरून घेतलेल्या गेमला डिस्क नसते, पण त्याची इन्स्टॉलर फाइल हार्ड डिस्कवर जपून ठेवली की उद्या ते दुकान बंद पडलं तरी गेम चालतो.

याच्या अगदी उलट टोकाची भीतीही तितकीच पसरलेली आहे: दुकानाने गेम विक्रीतून काढला की तो आपल्या लायब्ररीतूनही जाणार. सहसा तसं होत नाही. ‘अ‍ॅलन वेक’मधल्या गाण्यांच्या हक्कांची मुदत संपली म्हणून मे 2017 मध्ये तो विक्रीतून काढला गेला, पण ज्यांनी आधी घेतला होता त्यांना तो डाउनलोड करता येत राहिला. पुढच्या वर्षी हक्कांचा प्रश्न सुटल्यावर तो विक्रीला परतलाही. फसगत होते ती वेगळ्याच वाटेने. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’च्या 2014 मधल्या अपडेटने स्टीमवरच्या गेममधली काही गाणी काढून टाकली. गेम लायब्ररीत जागच्या जागी होता, फक्त विकत घेतला तेव्हा जसा होता तसा तो राहिला नाही.

मालकीच्या प्रश्नावर 2024 च्या शेवटी बराच गदारोळ झाला. आपण उत्पादनाचा परवाना घेत आहोत, अशी सूचना स्टीम पैसे भरण्याच्या पानावर दाखवू लागलं आणि अनेकांनी समजून घेतलं की वाल्व्हने नियम बदलले. नियम होते तेच होते. स्टीमच्या करारात हे आधीपासून लिहिलेलं होतं आणि तो न वाचता मान्य करायची आपली सवयही तितकीच जुनी. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून लागू होणाऱ्या कायद्याने डिजिटल विक्रेत्यांना ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगणं भाग पाडलं, एवढाच बदल. जीओजीनेही ही संधी साधून आपल्या इन्स्टॉलरची जाहिरात केली, पण कायद्याच्या भाषेत जीओजी सुद्धा परवानाच देतं. फरक आहे तो व्यवहारात: तो परवाना काढून घेण्याचं साधन त्यांनी स्वतःकडे ठेवलेलं नाही. निदान जुनं पुस्तक विकावं तसा खेळून झालेला गेम विकता यावा, यासाठी फ्रान्समधल्या ‘यूएफसी-क शुआझिर’ या ग्राहक संघटनेने वाल्व्हला न्यायालयात खेचलं. 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने संघटनेची बाजू उचलून धरली. 2022 मध्ये अपिलात तो निकाल फिरला आणि 2024 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल कायम ठेवला. डिजिटल गेमच्या पुनर्विक्रीचं दार तिथे तरी तूर्त बंद आहे.

मग स्टीम म्हणजे कुलूप आणि जीओजी म्हणजे मोकळं रान, असं मानावं का? तेही पूर्ण खरं नाही. स्टीमची कॉपीरोधक व्यवस्था वापरायची की नाही हे प्रकाशक ठरवतो. ती न वापरलेले कितीतरी गेम स्टीमवर आहेत. त्यांचं फोल्डर उचलून दुसऱ्या पीसीवर ठेवलं तर स्टीम चालू नसतानाही ते उघडतात. दुसरीकडे, त्याच स्टीमवर असे गेम आहेत की ज्यांत स्टीम, वर डेनुव्हो ही वेगळी कॉपीरोधक प्रणाली आणि त्यावर प्रकाशकाचा स्वतःचा लाँचर असे तीन पहारेकरी एकामागोमाग उभे असतात. जीओजीचीही एकदा परीक्षा झाली. सप्टेंबर 2021 मध्ये तिथे ‘हिटमॅन’ आला, पण त्यातला मोठा भाग सर्व्हरशी जोडल्याशिवाय मिळत नव्हता. ग्राहक खवळले, आणि पुढच्याच महिन्यात जीओजीला तो गेम काढून टाकावा लागला. कुलूप प्रत्येक गेमचं असतं, दुकानाच्या पाटीवरून ते ओळखता येत नाही.

आता किमतीकडे वळू, कारण सर्वांत जास्त आवाज तिथेच होतो. एपिकने डिसेंबर 2018 मध्ये दुकान उघडलं तेव्हा केवळ 12 टक्के कमिशन घेण्याची घोषणा केली. स्टीमचं 30 टक्के होतं. मोठ्या विक्रीच्या गेमसाठी स्टीमने तेव्हाच 1 कोटी डॉलरच्या पुढे 25 आणि 5 कोटींच्या पुढे 20 टक्के असे टप्पे केले. कमिशन कमी म्हणजे गेम स्वस्त होणार, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. हिशेब मांडून पाहू. 60 डॉलरच्या गेममागे 30 टक्के कमिशन गेल्यावर प्रकाशकाला 42 डॉलर मिळतात, 12 टक्के गेल्यावर 52 डॉलर 80 सेंट. म्हणजे एपिकवर त्याने किंमत 50 डॉलर केली तरी त्याच्या हाती 44 डॉलर पडतात, स्टीमवरच्यापेक्षा दोन जास्तच. ‘मेट्रो एक्झोडस’च्या प्रकाशकाने 2019 च्या सुरुवातीला अमेरिकेत नेमकं हेच केलं. पण युरोपात किंमत खाली आली नाही आणि ही वाट पुढे फारशी कोणी धरली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘बॉर्डरलँड्स 3’ सहा महिने पीसीवर फक्त एपिकवर मिळत होता, तरी किंमत 60 डॉलरच राहिली. वाचलेले पैसे प्रकाशकाच्या खिशात गेले. धंदा म्हणून यात गैर काही नाही, पण ग्राहकाच्या नावाने केलेला तो युक्तिवाद मात्र उरत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. वाल्व्ह प्रकाशकांना दुसरीकडे स्वस्त विकू देत नाही म्हणून किमती खाली येत नाहीत, असा आरोप वुल्फायर गेम्सने 2021 मध्ये अमेरिकेत दाखल केलेल्या दाव्यात केला आहे, आणि वाल्व्हने तो नाकारला आहे. स्टीमवर गेम सक्रिय करणारे कोड, म्हणजे ‘की’, बाहेर विकताना स्टीमच्या ग्राहकाला त्याहून वाईट सौदा मिळू नये, ही अट तर उघडच आहे. वाद आहे तो त्यापलीकडच्या दबावाचा. न्यायालय काय म्हणायचं ते म्हणेल. पण ‘बॉर्डरलँड्स 3’सारखा जो गेम तेव्हा स्टीमवर नव्हताच, त्याला हा दबाव लागू पडत नाही, आणि तोही 60 डॉलरलाच विकला गेला. ‘अ‍ॅलन वेक 2’ पीसीवर 50 डॉलरला आला आणि कन्सोलवर 60 ला, हे माझ्या म्हणण्याविरुद्धचं खरं उदाहरण. मात्र त्या गेमचा प्रकाशक एपिक स्वतःच होता. मे 2019 च्या सेलमध्ये तर एपिकने दहा डॉलरची सूट आपल्या पदरातून दिली, आणि तरीही काही गेम सेलपुरते दुकानातून चक्क गायब झाले. दुकानदार स्वतःच्या खिशातून सूट देत असतानाही किंमत कोणाच्या हातात असते, हे त्यातून कळतं.

रुपयांतल्या किमतींचंही तेच. नोव्हेंबर 2015 मध्ये स्टीमवर रुपये आले, तेव्हापासून एखादा गेम डॉलरच्या मानाने महाग दिसला की वाल्व्हला शिव्या बसतात. वाल्व्ह प्रकाशकांना प्रत्येक चलनासाठी फक्त शिफारस करतं, आणि 2022 मध्ये त्या शिफारशी सुधारून वर नेल्या. पाळायच्या की नाही हे प्रकाशक बघतो. म्हणून एकाच दुकानात अमेरिकेत सारख्याच किमतीला असलेले दोन गेम भारतात निम्म्या-दुपटीच्या फरकाने दिसतात. भारतातली कमी किंमत म्हणजे कोणाचा उदारपणाही नव्हे. डिजिटल प्रतीचा छपाईखर्च शून्य असतो, तेव्हा पूर्ण किमतीला न घेणाऱ्या लाखो लोकांना कमी किमतीत विकणं हा सरळ फायद्याचा हिशेब आहे. तो कधी बदलेल याचा नेम मात्र नसतो: अर्जेंटिना आणि तुर्कस्तान इथे स्टीमने नोव्हेंबर 2023 मध्ये स्थानिक चलन बंद करून डॉलर आणले आणि तिथल्या खेळाडूंसाठी अनेक गेमच्या किमती एकदम चढल्या. (जाता जाता: भारतात ऑनलाइन गेमिंगवरच्या जबर करांची आणि 2025 मधल्या बंदीची चर्चा होते, ती पैसे लावून खेळायच्या गेमची आहे. स्टीमवर घेतलेल्या शर्यतीच्या किंवा कोड्यांच्या गेमशी तिचा संबंध नाही.)

इथवर पैशांचं झालं. ‘आणखी एक अकाउंट काढायचं, त्यात एवढं काय?’ ही समजूत मला या सगळ्यांत जास्त धोक्याची वाटते, कारण ती समंजसपणाचा आव आणते. सोनीचा ‘हेलडायव्हर्स 2’ फेब्रुवारी 2024 मध्ये आला. सोनीचं प्लेस्टेशन नेटवर्क अकाउंट जोडावं लागेल हे स्टीमच्या पानावर लिहिलेलं होतं, पण सुरुवातीच्या तांत्रिक अडचणींमुळे ती अट बाजूला ठेवली गेली आणि लोक त्याशिवाय खेळत राहिले. मे महिन्याच्या सुरुवातीला सोनीने ती परत आणत असल्याचं जाहीर केलं. अडचण अशी की प्लेस्टेशन नेटवर्क तेव्हा अनेक देशांत नव्हतंच. पाकिस्तान, बांगलादेश, फिलिपिन्स, एस्टोनिया त्यांपैकी होते. तिथल्या लोकांना गेम मात्र बिनदिक्कत विकला गेला होता. दोन लाखांहून जास्त नकारात्मक अभिप्राय पडले, स्टीमवर पावणेदोनशेच्या आसपास देश-प्रदेशांत विक्री थांबली, आणि काही दिवसांतच सोनीने माघार घेतली. भारतात हे नेटवर्क उपलब्ध असल्याने इथल्या खेळाडूला दोन मिनिटांचं काम वाटलं असेल. पण घेतलेला गेम सीमेपलीकडे अडकू शकतो, याला कारण दुकान नव्हतं. मधे घातलेलं दुसरं दार होतं. जानेवारी 2025 मध्ये सोनीने ‘स्पायडर-मॅन 2’, ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ अशा काही एकट्याने खेळायच्या गेमसाठी हे अकाउंट ऐच्छिक केलं. म्हणजे गेम चालायला ते कधी लागतच नव्हतं.

इथे प्रकाशकांचं ठरलेलं उत्तर असतं की ऑनलाइन जोडणी ही तांत्रिक गरज आहे. चुरशीच्या स्पर्धात्मक गेममध्ये ते खरं आहे. हजारो जण एकत्र खेळतात तिथे सर्व्हर लागणारच आणि लबाडी रोखायलाही तो लागतो. पण हाच दाखला एकट्याने खेळायच्या गेमसाठी दिला जातो तेव्हा इतिहास तपासावा. मार्च 2013 मध्ये ‘सिमसिटी’ आला तो सतत इंटरनेट मागत होता. सर्व्हर कोसळले, अ‍ॅमेझॉनने त्याची डाउनलोड विक्री काही काळ थांबवली. शहराचं गणित आमच्या सर्व्हरवर होतं, ते काढणं सोपं नाही, असं निर्माते सांगत होते. वर्षभराने ऑफलाइन खेळण्याची सोय आली. ‘डायब्लो 3’ पीसीवर 2012 मध्ये इंटरनेटशिवाय सुरू होत नव्हता, आणि पुढच्याच वर्षी कन्सोलवर तोच गेम ऑफलाइन चालत होता. गेमच्या चोरट्या प्रती रोखण्याचं कारणही असंच ताणलं जातं: जीओजी 2008 पासून कुलूप न लावता विकतंय आणि सीडी प्रोजेक्टने आपला ‘विचर 3’ही तिथे तसाच विकला.

‘द क्रू’ बंद पडल्यावर यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी एप्रिल 2024 मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली, तिच्याबद्दलही एक गैरसमज हिरिरीने पसरवला गेला: कंपन्यांनी सर्व्हर कायम चालू ठेवावेत अशी तिची मागणी आहे. तशी ती नाही. सेवा थांबवताना गेम कुठल्या तरी स्वरूपात चालण्याजोगा सोडावा, एवढंच ती मागते. याच मागणीसाठीच्या युरोपीय नागरिकांच्या याचिकेला जुलै 2025 मध्ये दहा लाखांपेक्षा जास्त सह्या मिळाल्या. उद्योगाचा आक्षेप आहे की खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, आणि ऑनलाइनसाठी बांधलेला गेम नंतर सोडवणं खर्चिक नाही का. पहिला प्रश्न रास्त आहे, पण तो एकट्याने खेळण्याला लागू होत नाही. दुसऱ्याचं उत्तर युबिसॉफ्टनेच दिलं. ‘द क्रू 2’साठी ऑफलाइन खेळण्याची सोय 2025 मध्ये आली. खर्च झाला असणारच, पण गेमचा आराखडा काढतानाच तो धरला असता तर कमी झाला असता. आणि तो खर्च कुठे धरलेला नसेल याचा अंदाज गेम घेण्याआधी घ्यायचा तर स्टीमच्याच पानावर, उजव्या बाजूच्या रकान्यात, तिसऱ्या पक्षाचं अकाउंट आणि डेनुव्होसारखी व्यवस्था यांची नोंद असते. सेलमधल्या सवलतीच्या हिरव्या आकड्यापासून ती जेमतेम बोटभर लांब आहे.