उस्ताद म्हणून अदिस अबाबाला जाताना

परदेशात कामाला जायचे म्हटले की आपल्या कारागिरांना सौदी, दुबई, कुवैत एवढेच आठवते. पण विणकाम, शिवण, रंगाई यांत हात मुरलेल्या माणसाला आणखी एक वाट आहे. दोन-चार महिन्यांसाठी प्रशिक्षक, म्हणजे उस्ताद म्हणून जायचे, हुनर शिकवायचे आणि परत यायचे. भारत सरकारची 'आयटेक' ही योजना 1964 पासून चालू आहे. तिच्यामार्फत तज्ज्ञ माणसे परदेशी पाठवली जातात. काही कारखाने व संस्था थेटही बोलावतात. इथे आपण इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा हे उदाहरण घेऊ. उर्दू-अरबी किताबांत ज्याला हबशा म्हणतात तोच हा देश, आणि कापड हा या शहराचाही जुना धंदा आहे.

मेहनताना कोणत्या चलनात?

सर्वांत आधी हा प्रश्न विचारा. तिथले चलन बिर्र. 2024 च्या जुलैपर्यंत सरकार त्याचा भाव बांधून ठेवत असे. तेव्हा 1 डॉलरला सुमारे 57 बिर्र पडत. 29 जुलै 2024 रोजी भाव बाजारावर सोडला आणि काही आठवड्यांतच डॉलर 100 बिर्रच्या वर गेला. हिशोब करून पाहा. ज्याचा करार 1 लाख बिर्रचा होता, त्याचे सुमारे 1750 डॉलर होत होते, ते 1000 च्याही खाली आले. काम तेवढेच, घाम तेवढाच, हाती मात्र जवळजवळ निम्मे. म्हणून मेहनताना डॉलरमध्ये किंवा रुपयांत ठरवा आणि तो भारतातील बँक खात्यात जमा होईल असे लिहून घ्या. बिर्रमध्ये फक्त रोजच्या खर्चापुरते घ्या.

मॅट्रिक न झालेला कामगार आखातात निघाला तर त्याच्या पासपोर्टवरील ईसीआर शेऱ्यामुळे सरकारी कचेरी त्याचे कागद तपासते. इथिओपिया त्या देशांच्या यादीत नाही. म्हणजे तिथला करार आपला आपणच तपासायचा आहे. जाण्या-येण्याचे तिकीट, राहणे, दवाखाना, कामाचे दिवस आणि तास, यांतील एकही बाब तोंडी ठेवू नका.

तारीख आणि घड्याळ

कराराची तारीख इंग्रजी कॅलेंडरची आहे हे स्पष्ट लिहा, कारण तिथले वर्ष वेगळे. 30 दिवसांचे 12 महिने आणि 5 किंवा 6 दिवसांचा तेरावा महिना. 11 सप्टेंबर 2025 रोजी त्यांचे 2018 साल सुरू झाले. घड्याळही निराळे आहे. आपल्याकडे हिजरी तारीख मगरिबला बदलते, तसे त्यांचे तास सकाळी 6 पासून मोजले जातात. आपले 7 म्हणजे त्यांचा 1, आपले 9 म्हणजे त्यांचे 3. "वर्ग 3 वाजता" असे कोणी सांगितले आणि उस्ताद दुपारी पोहोचला, तर शिकणारे सकाळपासून ताटकळलेले असतील.

कागद आणि तब्येत

पर्यटकाच्या व्हिसावर शिकवण्याचे काम करता येत नाही. योग्य व्हिसासाठी बोलावणाऱ्या संस्थेकडून पत्र मागवा. सोबत अवजारे नेणार असाल तर त्यांची यादी त्याच पत्राला जोडून घ्या. पीतज्वराची लस निघण्याआधी निदान 10 दिवस सरकारमान्य केंद्रात टोचून घ्या आणि दाखला जपून ठेवा. हा दाखला नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर 6 दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. लस एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो.

शहर सुमारे 2300 मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही बरेच उंच आहे. आफ्रिका म्हणून पातळ कपडे नेणारा थंडीने कुडकुडतो. पहिले दोन-तीन दिवस जिना चढतानाही धाप लागते.

खाण्याची अडचण फार नाही. मर्काटो या मोठ्या बाजारात अन्वर मशीद आहे. मुसलमान व ख्रिस्ती यांची मांसाची दुकाने वेगवेगळी असतात, दुकानावर चंद्रकोर पाहून घ्यावी. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी व शुक्रवारी मांस, दूध, तूप वर्ज्य करतात. शिकणाऱ्यांना त्या दिवशी दुधाचा चहा देऊ नये.

शिकवण्याआधी पाहा

एन्टोटो डोंगराच्या पायथ्याशी शिरो मेदा नावाचा भाग आहे. तिथे हातमागाच्या कापडाची दुकाने आहेत. दक्षिणेकडून आलेले दोर्झे विणकर या कामात नावाजलेले. त्यांचा माग खड्ड्याचा, आपल्या जुन्या विणकरांना ओळखीचा. विणकर काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून माग चालवतो. बायका सूत कातायच्या आणि पुरुष विणायचे, अशी तिथली रीत. नेतेला ही पातळ चादर, गाबी ही जाड, आणि काठावरची रंगीत नक्षी म्हणजे तिबेब.

जो उस्ताद पहिल्याच दिवशी "हा माग टाकून द्या" म्हणतो, त्याचे कोणी ऐकत नाही. आधी तिबेब विणणाऱ्या हातांकडे नीट पाहावे. मग ताणा लांब कसा लावायचा, रुंद पन्हा कसा काढायचा, रंग पक्का कसा बसवायचा, जे त्यांना उपयोगी पडेल ते दाखवावे. अम्हारिक भाषा येत नसली तरी 'सलाम' हा शब्द तिथेही चालतो, आणि पुढचे काम हात करतात. मात्र निघण्याआधी कराराची एक प्रत घरी ठेवा आणि सही करण्यापूर्वी तो एखाद्या जाणकार वकिलाकडून वाचून घ्या.