वाणसामानाची यादी आणि माणसाचे मन

दुकानातून बाहेर पडणाऱ्या माणसाला "हीच वस्तू का घेतलीत ?" असे विचारले, तर "स्वस्त आहे", "चव चांगली आहे", "टिकाऊ आहे" अशी उत्तरे मिळतात. ही उत्तरे खोटी नसतात. परंतु ती नेहमी पुरी असतातच असे नाही. कधी कधी खरे कारण घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. मग ते शोधायचे कसे ? ताप मोजण्यास तापमापी आहे, वजन करण्यास तराजू आहे. मनातले कारण कशाने मोजावे ? 1950 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेसन हेअर यांनी त्यासाठी एक अगदी साधे साधन वापरले. ते म्हणजे वाणसामानाची यादी !

"चव आवडत नाही"

त्या काळी अमेरिकेत नेसकॅफे ही झटपट कॉफी मिळू लागली होती. गरम पाण्यात पूड टाकली की कॉफी तयार; गाळण्याची खटपट नाही. तरीही अनेक गृहिणी ती घेत नसत. कारण विचारले, की बहुतेकींचे उत्तर एकच : "चव आवडत नाही." हेअर यांना या उत्तराची शंका आली. म्हणून त्यांनी दोन याद्या तयार केल्या. प्रत्येक यादीत सात जिन्नस होते. खिमा, पाव, गाजरे, बेकिंग पावडर, डब्यातली पीच फळे आणि बटाटे हे सहा दोन्हींत सारखेच. फरक फक्त सातव्या जिनसात होता. एका यादीत नेसकॅफे होती, तर दुसरीत मॅक्सवेल हाउस ही नेहमीची गाळून करायची कॉफी.

प्रत्येक गृहिणीला एकच यादी दाखविली. दुसरी यादी आहे, हे तिला माहीत नव्हते. "ही यादी करणारी बाई कशी असेल, ते सांगा," एवढेच तिला विचारले. नेसकॅफेची यादी वाचणाऱ्यांपैकी 48 टक्के स्त्रियांनी ती बाई आळशी ठरविली ! दुसऱ्या यादीच्या बाबतीत असे म्हणणाऱ्या फक्त 4 टक्के होत्या. पहिलीला "चांगली पत्नी नव्हे" म्हणणाऱ्या 16 टक्के निघाल्या. दुसरीला असे कोणीच म्हटले नाही.

याद्यांत चवीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो "लोक मला काय म्हणतील" हा. स्वतःविषयी विचारले, की माणूस सावध होतो. दुसऱ्याविषयी बोलताना मात्र आपल्या मनातले बोलून जातो. या पद्धतीला प्रक्षेपण तंत्र म्हणतात.

दोष नेसकॅफेचा की तयार वस्तूचा ?

हेअर येथेच थांबले नाहीत. पुढच्या चाचणीत त्यांनी दोन्ही याद्यांत 'पाय' या गोड पदार्थाचे तयार मिश्रण घातले. आता मॅक्सवेल हाउस घेणारी बाईही अनेकींना आळशी वाटू लागली. म्हणजे दोष एका कॉफीचा नव्हता. 'आयते' आणण्याचा होता. त्यांनी काही घरांतील फडताळेही पाहिली. नेसकॅफे घेणारीला नावे ठेवणाऱ्यांच्या घरी झटपट कॉफी कमी आढळली.

भूक एक, गरजा अनेक

अब्राहम मॅस्लो यांनी 1943 साली माणसाच्या गरजांचे पाच गट सांगितले : शरीराच्या गरजा, सुरक्षितता, आपुलकी, मान आणि आपल्यातील गुणांचा पूर्ण विकास. त्या नेहमी याच क्रमाने जाग्या होतात असे नाही. पण एका वस्तूमागे अनेक गरजा असू शकतात, हे समजण्यास ही विभागणी उपयोगी पडते. कॉफी शरीरासाठी प्यायची, पण ती निवडताना मानाची गरज कौल देते.

दुर्मिळपणाही मनावर असाच परिणाम करतो. स्टीफन वॉर्चेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 साली काहींना दहा बिस्किटांच्या बरणीतून, तर काहींना दोनच बिस्किटांच्या बरणीतून एक बिस्कीट दिले. बिस्किटे एकाच प्रकारची होती. तरी दोनांतले बिस्कीट लोकांना अधिक हवेसे व अधिक किमती वाटले. "थोडेच नग शिल्लक" ही पाटी दुकानदार का लावतो, ते आता कळले ना ?

मनाचे हे कौल कायमचे नसतात. 1970 साली हेअर यांचा प्रयोग पुन्हा करण्यात आला, तेव्हा नेसकॅफेवाली बाई विशेष आळशी ठरली नाही. मानाची गरज तीच होती. पण वीस वर्षांत झटपट कॉफी घरोघरी रुळली होती.

तुम्हीही करून पाहा

सात जिनसांच्या दोन याद्या करा. एकीत 'इडलीचे तयार पीठ' लिहा, दुसरीत 'इडलीचे तांदूळ व उडीद डाळ'. बाकी सहा जिनसा अगदी सारख्या ठेवा. निम्म्या लोकांना एक व निम्म्यांना दुसरी यादी दाखवा आणि "यादी करणारी व्यक्ती कशी असेल ?" असे विचारा. कोणाला कोणती यादी द्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. उत्तर देणाऱ्याचे नाव लिहू नका. उत्तर मात्र शब्दशः टिपून घ्या. पाचदहा उत्तरांवरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. सगळ्या वर्गाची उत्तरे एकत्र करून तक्ता मांडा. आणखी एक गोष्ट पाहा. यादी करणारी बाईच असेल, असे किती जणांनी न विचारताच गृहीत धरले ?