क्षयरोग आणि वनस्पतिजन्य तेले

पेण आणि रोहा तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर कोणाचा खोकला लांबला म्हणजे बहुधा प्रथम तेलाची बाटली पुढे येते. करंजेल, लसूण घालून कढविलेले खोबरेल किंवा निलगिरीचे तेल छातीला चोळले जाते. या उपचाराला हसणे शिक्षकाला शोभत नाही आणि तो पुरेसा आहे असे मानणेही योग्य नाही. तेलाने काय होते व काय होत नाही, हे त्याला नेमके सांगता आले पाहिजे.

कोमट तेल चोळल्याने आखडलेले स्नायू सैल होतात. निलगिरीच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. रुग्णाला आराम पडतो, पण रोग जागच्या जागी राहतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिलेले क्षयाचे जंतू त्वचेवर नसून बहुधा फुप्फुसात ठाण मांडतात आणि त्यांचे आवरण मेणचट व चिवट असते. काही वनस्पतींची तेले प्रयोगशाळेतील बशीत या जंतूंची वाढ रोखतात हे खरे. परंतु बशीतला गुण माणसाच्या देहात उतरतोच असे नाही. तेलाने क्षय बरा होतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही.

या बाबतीत कडू कवठाचे उदाहरण बोधप्रद आहे. कोकणात व सह्याद्रीच्या रानांत वाढणाऱ्या या झाडाच्या बियांचे तेल कुष्ठरोगावर दीर्घकाळ वापरात होते; विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची इंजेक्शनेही देत. कुष्ठ व क्षय यांचे जंतू एकाच कुळातले, म्हणून अशी तेले क्षयावरही योजून पाहण्यात आली. पण ती टिकली नाहीत. १९४० नंतर सल्फोन औषधे आली, तेव्हा कुष्ठरोगातही हे तेल मागे पडले.

क्षयावरील नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा आहे : पहिले दोन महिने चार औषधे व पुढील चार महिने तीन. सरकारी आरोग्य केंद्रांतून तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. सकस आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपयांचे साहाय्यही आहे.

खरा धोका पुढेच असतो. एकदोन महिन्यांत खोकला कमी होतो, भूक लागू लागते. तो गुण तेलाचा समजून गोळ्या थांबविल्या जातात. मग उरलेले जंतू पुन्हा बळावतात आणि पुढे औषधालाही दाद देईनासे होऊ शकतात. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा असा खंड सहज पडतो.

म्हणून शिक्षकाने पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात :

१. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप किंवा घटते वजन दिसल्यास त्या व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

२. रुग्णाचे कुटुंब स्थलांतर करणार असल्यास आशा कार्यकर्तीस आधी कळवावे, म्हणजे नव्या ठिकाणी औषध चालू राहील.

३. तान्ह्या मुलाच्या नाकातोंडात तेल घालू नये व निलगिरीचे तेल कोणीही पिऊ नये, हे पालकसभेत बजावावे.

४. आजारातून उठलेल्या मुलास डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर इतरांबरोबरच बसवावे.

तेल टाकून द्या, असे म्हटल्यास घर दुरावते. त्याऐवजी “मावशी, तेल चोळायचे तर चोळा; पण गोळी एकही दिवस चुकवू नका,” असे सांगावे. गुरुजींचा हा शब्द वाडीत मानला जातो.